पार्नेलने न ऐकलेलं वाक्य

पार्नेल हॉबडेच्या तोंडाकडे बघितलं तर ती चाळिशीच्या अलीकडची वाटायची, आणि हातांकडे बघितलं तर सत्तरीची. राख भिजवून काढलेल्या पाण्यात तिचा जन्म गेला होता. बोटांची सालं निघालेली, नखं मऊ पडलेली, आणि थंडीत सांधे असे धरायचे की सकाळचा पाव मोडायलाही दुसऱ्याला सांगावं लागे. लंडनच्या वरच्या अंगाला, बॅटरसीला नदीच्या काठावर सर जर्व्हेस ऑल्डम यांचं घर होतं. त्या घराच्या चादरी, सदरे, टेबलावरची कापडं, सगळं ती आणि आणखी दोघी मिळून धुवायच्या. तिच्याआधी तिची आई धुवायची. आई आता अंथरुणाला खिळली होती आणि फाटकाजवळच्या खोपटात पडून असायची. खोपट मालकांचं होतं.

मालक म्हणजे राजाच्या कानाजवळचा माणूस. आधी वकील, मग न्यायाधीश, मग राजाचे सल्लागार. दरबारात सोन्याची साखळी घालून जात, पण घरी आले की ती काढून खुंटीला टांगत, घोड्याचा लगाम टांगावा तशी. रोज पहाटे मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रभुभोजनाची उपासना, ऐकायचे, शुक्रवारी नुसता पाव आणि पाणी. नोकरांवर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. टोमणा मात्र मारायचे. एकदा सदऱ्याची गळपट्टी खरखरीत राहिली तेव्हा पार्नेलला बोलावून म्हणाले, "पार्नेल, ही मान राजाची आहे. राजाच्या मालाला ओरखडा काढू नकोस." नोकरमाणसं हसली, पार्नेलही हसली. साथीच्या वर्षी तिच्या आईला ताप भरला तेव्हा याच मालकांनी आपला वैद्य खोपटात धाडला होता. हे ती कधी विसरली नाही. दुसरीही गोष्ट विसरली नाही, आणि ती तिच्या धाकट्या भावाची होती.

पियर्स नदीपलीकडे, शहरात हातमोजे शिवायचा. लहानपणापासून तोतरा. 'नमस्कार' म्हणेपर्यंत समोरचा माणूस पुढच्या गल्लीत पोचलेला असायचा. या पोराने कुठून तरी आपल्या भाषेतलं शुभवर्तमान, येशूच्या चरित्राचं पुस्तक, मिळवलं. त्या काळी ते जवळ बाळगणं म्हणजे पाखंड, आणि पाखंड्याला जिवंत जाळत. पाद्री लॅटिनमध्ये वाचतील ते मान खाली घालून ऐकायचं, एवढंच आपलं काम. पियर्स काम संपल्यावर दुकानात चार जणांना बसवून वाचून दाखवायचा. ऐकणारे सांगायचे की वाचताना तो एकदाही अडखळला नाही. कुणीतरी चुगली केली. त्याला धरून नेलं आणि ज्यांच्यासमोर उभं केलं ते सर जर्व्हेस ऑल्डम.

पार्नेल ओले हात घागऱ्याला पुसत मालकांच्या खोलीत गेली. ते रागावलेले नव्हते, उलट थकल्यासारखे दिसत होते.

"तुझा भाऊ वाईट नाही," ते म्हणाले. "मी त्याला एकच वाक्य म्हणायला सांगितलंय. मी चुकलो, बस. मग खांद्यावर लाकडाची मोळी घेऊन चर्चला एक फेरी मारायची आणि घरी जायचं. तू समजाव त्याला. तुझं ऐकेल."

ती तुरुंगात गेली. पियर्सच्या पायाशी पाणी साचलं होतं. तिने त्याला मालकांचा निरोप सांगितला.

"म-मला म्हणता येत नाही, ताई."

"येत नाही म्हणजे? अडखळतोस म्हणून? मी सांगते त्यांना, वेळ देतील ते."

पियर्स हसला. "नाही गं. ते वाक्य सरळ येईल तोंडातून. म्हणूनच भीती वाटते."

त्याला जाळण्याची वेळच आली नाही. खटला उभा राहायच्या आत तुरुंगातल्या तापाने तो गेला. तुरुंगामागच्या खड्ड्यात इतरांबरोबर त्याला टाकलं. धनीणबाईंनी, म्हणजे लेडी अर्सुलांनी, पार्नेलला एक काळं कापड पाठवलं. मालक तिला काही बोलले नाहीत. तीही बोलली नाही. पुढे कुणी तिला विचारलं, अगं, तुला राग नाही आला, तर ती म्हणायची, "आला असेल. पण सोमवार होता आणि धुण्याचं टीप भरलेलं होतं."

मग वारं फिरलं. राजाला नवी राणी हवी होती, रोममध्ये बसलेले पोप पहिलं लग्न मोडायला तयार होईनात. तेव्हा राजाने स्वतःलाच इथल्या चर्चचा प्रमुख करून घेतलं. संसदेने तसा कायदा केला, आणि प्रत्येकाने शुभवर्तमानावर हात ठेवून ते मान्य केल्याची शपथ घ्यायची असं ठरलं. बॅटरसीच्या घरी राजाची माणसं आली तेव्हा कारभाऱ्याने शपथ घेतली, माळ्याने घेतली, होडीवाल्यांनी रांगेने घेतली. आचारी म्हणाला, "मी तर दोनदा घेतली असती, चुलीवरचं करपत होतं." बायकांना कुणी विचारलंच नाही.

मालकांनी घेतली नाही. का घेत नाही तेही सांगितलं नाही. कायद्याचे पंडित ते, त्यांना ठाऊक होतं की राजा चर्चचा प्रमुख नाही असं तोंडाने म्हटलं तर देशद्रोह, मान गेली. पण गप्प बसणाऱ्याला देशद्रोही ठरवता येत नाही. म्हणून ते गप्प बसले, आणि तसेच गप्प असताना त्यांना नदीकाठच्या राजाच्या किल्ल्यात नेऊन कोंडलं.

घरात मग दोनच आवाज उरले, एक टिपातल्या पाण्याचा आणि दुसरा धनीणबाईंचा. "एवढे बिशप आहेत, जन्मभर धर्म कोळून प्यायलेले," त्या जिन्यात उभ्या राहून म्हणायच्या, ऐकायला कुणी असो नसो. "त्या सगळ्यांनी शपथ घेतली. देव काय यांना एकट्यालाच भेटून गेला? घरी पलंग आहे, बायको आहे, बाग आहे. आणि हे तिथे उंदरांना सोबत करतायत." पण कैद्याचे कपडे त्याच्या घरूनच जायचे असतात, म्हणून त्याच धनीणबाई दर आठवड्याला स्वतः टोपली भरायच्या. धुतलेले सदरे, चादर, चीज, भाजलेलं कोंबडं. टोपली घेऊन होडीने खाली जायचं काम पार्नेलचं.

किल्ल्यावरचा रखवालदार डन्स्टन तिला ओळखायला लागला. टोपलीत हात घालून कोंबडीची एक तंगडी तो दर वेळी काढून घ्यायचा.

"तुझ्या धन्याला सांग बाई," तो खाता खाता म्हणायचा, "एवढे सदरे धुऊन घेण्यापेक्षा एकदा हात ठेव म्हणावं पुस्तकावर. तुझेही कष्ट वाचतील, माझेही जिने वाचतील."

"मग तुला तंगडी कोण देईल?"

"तेही खरंच. राहू दे त्यांना आत."

मालक वाळत चालले होते. दाढी वाढलेली, पोटात खड्याचं दुखणं. त्या दुखण्याने ते कधी कधी भिंतीला कपाळ टेकून उभे राहायचे. आधी त्यांच्याकडे पुस्तकं होती, मग तीही नेली. पार्नेल चादर काढायची, नवी घालायची, मळके कपडे बांधायची. बोलणं फार नव्हतं. आई कशी आहे, नदीला पाणी किती आहे, एवढंच.

त्या वसंतात एक दिवस ती गेली तेव्हा दुखणं फार होतं. चादर घामाने भिजली होती. ती पिळत असल्यासारखी गोळा करता करता पार्नेलच्या तोंडून निघून गेलं, "मालक, घेऊन टाका ना शपथ. सगळ्यांनी घेतली. शब्दच आहेत."

ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. मान न वळवता, कुणी पाणी मागावं तितक्या सहज ते म्हणाले, "राजा चर्चचा प्रमुख नाही, पार्नेल. संसदेने शंभर कायदे केले तरी होणार नाही. जे खरं नाही ते देवाच्या समोर खरं आहे म्हणून कसं सांगू?"

मग त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. वर्षभर ज्या वाक्यासाठी राजाचे वकील त्यांना उलटंपालटं करत होते, जे त्यांनी बायकोजवळही उच्चारलं नव्हतं, ते बाहेर पडलं होतं.

"ऐकलंस?"

"काय?" पार्नेल म्हणाली.

ते पुन्हा भिंतीकडे वळले. "काही नाही. जा तू. भरती उलटेल."

परतीच्या होडीत ती त्या वाक्याचा विचार करत नव्हती. ते आपल्याजवळ का बोलले, याचा करत होती. विश्वासाने बोलले असतील असं तिला वाटेना. खोलीत भिंत होती, खाट होती, आणि पार्नेल होती. भिंतीसमोर माणूस बोलतो तसं ते बोलले.

पण राजाच्या माणसांना भिंतींची मोजदाद करायची सवय होती. पुढच्या आठवड्यात तिला वेस्टमिन्स्टरला बोलावलं. तिथे ऑस्टिन लव्हेल नावाचे एक गृहस्थ बसले होते. तिला वाटलं होतं तसा तो माणूस दरडावणारा नव्हता. शेकोटीजवळ तिला स्टूल दिलं, गरम बिअर दिली. तिने पेला दोन्ही हातांनी धरला आणि तिच्या बोटांच्या सांध्यांना इतकं बरं वाटलं की क्षणभर ती कशासाठी आली हेच विसरली.

"हात फार गेलेत तुमचे," लव्हेल म्हणाले. तिला कुणी 'तुमचे' म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. "कैद्याच्या खोलीत तुम्ही एकट्याच जाता. ते तुमच्याशी बोलतात?"

"आईची चौकशी करतात."

"राजाबद्दल?"

"माझ्याशी कशाला बोलतील?"

लव्हेलनी मान हलवली. मग म्हणाले, "पियर्स हॉबडे तुमचा भाऊ ना? मी वाचलंय ते प्रकरण. तेवीस-चोवीसचं पोर. आज राजाच्या हुकमाने तेच शुभवर्तमान आपल्या भाषेत छापायची बोलणी चाललीत, आणि त्यासाठी ते पोर खड्ड्यात गेलं. कुणाच्या सहीने गेलं ते तुम्हाला मी सांगायला नको."

पार्नेलने पेला खाली ठेवला.

"मी तुम्हाला खोटं सांगायला सांगत नाही," ते म्हणाले. "खरं असेल तेवढंच सांगा. त्यांनी तुमच्यासमोर राजाला नाकारलं असेल तर तेवढं म्हणा. घर जप्त झालं तरी आईचं खोपट आईकडेच राहील, हे मी बघतो."

समोर शुभवर्तमान होतं, जाड, चामड्याने बांधलेलं. तिला त्यावर हात ठेवायला सांगितलं. तिने ठेवला. कातडीच्या भेगांत चामड्याची कडा टोचली.

"सर जर्व्हेस ऑल्डम यांनी तुमच्यासमोर राजाच्या प्रमुखपणाविरुद्ध काही उद्गार काढले का?"

"नाही."

"देवासमोर सांगताय."

"देवासमोर सांगतेय. मी काही ऐकलं नाही."

लव्हेल रागावले नाहीत. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं जसं बाजारात लोक पडलेल्या घोड्याकडे बघतात, आणि तिला जायला सांगितलं. ती होडीच्या घाटावर आली. आपण हे का केलं ते तिला कळेना. मालकांवर माया होती म्हणून नव्हे. पियर्सला विसरली म्हणूनही नव्हे. तिला एवढंच कळत होतं की एका वाक्यापायी एक माणूस तिच्या डोळ्यांसमोर गेला होता. आता दुसऱ्या वाक्यापायी दुसऱ्याला पाठवायचं तर कुठून तरी बळ आणावं लागलं असतं, आणि ते तिच्याजवळ नव्हतं.

पुढच्या खेपेला तिने मालकांना सांगितलं. सांगायचं नाही असं ठरवून गेली होती, पण चादर घालता घालता सांगून टाकलं.

मालक खाटेवरून उठले. "पुस्तकावर हात ठेवून?"

"हो."

"खोटं?"

"हो."

त्यांना आनंद होईल असं तिला वाटलं नव्हतं, पण त्यांचा चेहरा असा उतरेल असंही वाटलं नव्हतं. ते खाली बसले. "हे तू काय केलंस? मी इथे बसलोय ते देवासमोर एक खोटं बोलायचं नाही म्हणून. आणि तू माझ्यासाठी तेच जाऊन बोललीस? माझ्या मानेची किंमत तुझ्या आत्म्याएवढी नाही, पार्नेल. परत जा. लव्हेलना सांग की मी बोललो होतो."

"नाही जात."

"मी सांगतोय म्हणून जा."

"मी दमलेय, मालक," पार्नेल म्हणाली. "वेस्टमिन्स्टरच्या घाटाच्या पायऱ्या पुन्हा चढायचं माझ्यात त्राण नाही."

त्यांना हसू आलं. आवरता आवरेना, आणि हसताना पोटातलं दुखणं उठलं तेव्हा ते कळवळले. पार्नेल हसली नाही. तिने मळक्या सदऱ्यांची गाठ मारली आणि मग, गाठीकडेच बघत, म्हणाली, "त्यालाही तुम्ही एकच वाक्य म्हणायला सांगितलं होतं."

कुणाबद्दल ते त्यांनी विचारलं नाही.

"तो चुकत होता," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी चुकत नाही."

"त्यालाही असंच वाटत होतं."

"वाटण्यात आणि असण्यात फरक असतो. सगळ्या धर्मसभा, सगळे संत एका बाजूला आणि एक हातमोजे शिवणारा दुसऱ्या बाजूला. मी काय करायला हवं होतं?"

"मला काय विचारता? मी कपडे धुते."

ते खिडकीच्या फटीशी गेले. नदीवर कुणीतरी ओरडून होडी बोलावत होतं. "कुठे पुरलं त्याला?" त्यांनी विचारलं.

"तुरुंगामागे. खड्ड्यात. तुम्हाला माहीत असायला हवं होतं."

"हो," ते म्हणाले. "हवं होतं."

तिच्या खोट्याचा काही उपयोग झाला नाही. खटल्याच्या दिवशी एक तरुण वकील उभा राहिला, जो पुस्तकं न्यायला खोलीत गेला होता, आणि त्याने शपथेवर सांगितलं की कैदी माझ्याजवळ अमुक बोलला. मालक म्हणाले की हा माणूस खोटं बोलतोय. जे मी बायकोला सांगितलं नाही ते याला सांगेन का, असं त्यांनी विचारलं. दोषी ठरवायला पंचांनी फार वेळ घेतला नाही. ही हकिकत आचाऱ्याने बॅटरसीला आणली, आणि पार्नेल टिपाजवळ उभी राहून ऐकत होती. त्यांनी ते वाक्य एकदाच उच्चारलं होतं, हे तिला ठाऊक होतं. कोर्टात त्यांनी तिचं नाव घेतलं नाही. पण तिच्यासाठी खोटंही बोलले नाहीत. फक्त तिच्याबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही.

शेवटचा सदरा धनीणबाईंनी स्वतः निवडला, बारीक विणीचा. "मान उडवली की अंगावरचे कपडे त्या मेल्या कुऱ्हाडवाल्याला मिळतात," त्या म्हणाल्या, "तरीही चांगलाच दे." आणि मग घडी घालता घालता त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. पार्नेलने सदरा त्यांच्या हातातून काढून घेतला, घडी पुरी केली आणि टोपलीत ठेवला.

डन्स्टनने त्या दिवशी टोपलीत हात घातला नाही. मालक दाढी विंचरून बसले होते. आजारातून उठलेल्या माणसासारखे मोकळे दिसत होते, आणि पार्नेलला त्याचाच थोडा राग आला. त्यांनी तिच्या आईची चौकशी केली. धनीणबाईंना काय सांगायचं ते सांगितलं. मग ती निघाली तेव्हा म्हणाले, "पार्नेल, तुझा भाऊ चुकत होता, हे मी आजही म्हणेन. उद्या देवाने विचारलं तरी म्हणेन. पण त्याच्या पायाशी पाणी होतं. त्याला कोरडी जागा द्यायला हवी होती मी. एक घोंगडी द्यायला हवी होती. ते माझ्या हातात होतं."

माफ केलं म्हणून सांगावं, अशी ती जागा होती. पार्नेलला ते शब्द सापडले नाहीत, आणि नसलेलं तिने काढून दिलं नाही.

"हो," ती म्हणाली. "द्यायला हवी होती."

त्यांनी मान डोलावली, जणू हिशेब बरोबर आहे. किल्ल्याबाहेरच्या टेकडीवर त्यांची मान उडवली, ती बघायला गेली नाही. लोक सांगत की ते शांतपणे गेले, खाली वाकताना दाढी बाजूला सारून काहीतरी विनोद केला म्हणे. लोक असं सांगतातच.

घर जप्त झालं. धनीणबाई बहिणीकडे गावी गेल्या. खोपटही गेलं, आणि आई त्याच पावसाळी शरद ऋतूत गेली. पार्नेल लॅम्बेथला आली आणि होडीवाल्यांच्या घरचे कपडे धुवायला लागली. ईस्टरच्या आधी ती पाद्रींजवळ पापांची कबुली द्यायला गेली. म्हातारे पाद्री होते, कानाने मंद. तिने खोट्या शपथेबद्दल सांगितलं. कुणासाठी, त्यांनी विचारलं. तिने नाव सांगितलं. पाद्रींना ते बरोबर ऐकू आलं. ते जागेवरून उठले, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाले, "बाई, हे मी ऐकलेलं नाही," आणि पापमुक्तीचे शब्द न म्हणताच आत निघून गेले.

त्या दिवशी पार्नेलला वर्षभरात पहिल्यांदा रडू आलं. म्हाताऱ्याचा तिला राग आला नाही. तेच तर वाक्य होतं, तिचंच.

राजा गेला, त्याचा लेक गादीवर बसला, आणि कबुलीच बंद झाली. चर्चमधली चित्रं पांढऱ्या चुन्याने झाकली. इंग्रजीतलं शुभवर्तमान आता साखळीने बांधून चर्चमध्ये ठेवलेलं असायचं, वाटेल त्याने वाचावं. पार्नेलला वाचता येत नव्हतं. एकदा ती त्याच्यासमोर उभी राहिली, पान उलटून बघितलं, आणि घरी गेली. मग तो पोरगा राजाही गेला, त्याची बहीण राणी झाली, आणि मिस्सा परत आली. आता पियर्ससारख्यांना पुन्हा बाजारात जाळू लागले.

त्याच दिवसांत मालकांचा पुतण्या, अँब्रोज ऑल्डम, लॅम्बेथला तिचा पत्ता काढत आला. चुलत्यांचं चरित्र तो लिहीत होता. स्टुलावर बसला, तिचे हात बघून चुकचुकला. म्हणाला, "आजी, तुम्ही शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होतात. त्यांचं साधुपण सांगा."

पार्नेलने सांगितलं. पहाटेची मिस्सा, शुक्रवारचं पाणी, आईसाठी पाठवलेला वैद्य. तो भराभर लिहीत होता. मग तिने पियर्सचं सांगायला घेतलं तेव्हा लेखणी थांबली.

"ते नको," अँब्रोज म्हणाला. "तो पाखंडी होता."

"मालकांनीच काढला होता विषय. शेवटच्या दिवशी. घोंगडी द्यायला हवी होती म्हणाले."

"असं ते म्हणाले असतील तर मनाच्या मोठेपणाने. लोकांना त्याचा चुकीचा अर्थ लागेल. बाकी जे सांगितलंत त्यावर बिशपांच्या कारकुनासमोर शपथ घ्याल? मग कुणी शंका घेणार नाही."

"नाही."

"खरंच तर सांगितलंत."

"खरंच सांगितलं. पण शपथ नाही घेत मी. आणि तो नको असेल तर हेही राहू द्या. दोघं एकाच घरातले आहेत माझ्यासाठी."

अँब्रोज अवघडला. म्हातारीला भ्रम झालाय असं त्याच्या तोंडावर दिसलं. एक नाणं फळीवर ठेवून गेला. पुस्तक पुढे निघालं की नाही, पार्नेलला कळलं नाही.

कबुली परत सुरू झाली होती, म्हणून तीही करून टाकली. या वेळी पाद्री तरुण होता. त्याने सगळं ऐकलं, एक उसासा टाकला, पापमुक्ती दिली आणि प्रायश्चित्त म्हणून थोड्या प्रार्थना आणि एक मेणबत्ती सांगितली. वीस वर्षांच्या ओझ्याला एक मेणबत्ती. पार्नेल बाहेरच्या बाकावर बसून राहिली. हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. पाय दुखत होते, तेवढंच कळत होतं. पण त्या रविवारी तिने मिस्सेतला प्रसाद घेतला, आणि पुढेही घेत राहिली.

ती राणी गेली, दुसरी बसली, मिस्सा पुन्हा बंद. तोवर पार्नेलचे गुडघे गेले होते. नदीवर जाणं सुटलं. शेजारच्या एव्हिस नावाच्या विधवेकडे ती राहायला गेली. फाटकं शिवून द्यायची, चुलीवर लक्ष ठेवायची. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायला आता बंदी होती. मेलेला जिथे जायचा तिथे गेला, त्याच्यासाठी देवाला गळ घालू नका, असं नवे पाद्री सांगत. नोव्हेंबरात, सर्व मृतांच्या दिवशी, पार्नेल भिंतीकडे तोंड करून पुटपुटायची. आई, पियर्स, जर्व्हेस. मालक म्हणायचं तिने केव्हातरी सोडून दिलं होतं.

"हळू बोल गं," एव्हिस म्हणायची. "रस्त्यावर ऐकू जातं. कुणीतरी सांगेल जाऊन."

"सांगू दे."

"तू म्हणशील सांगू दे, दंड मला भरावा लागेल ना. आणि हा जर्व्हेस कोण? नवरा का?"

"नाही. मी त्यांचे कपडे धुवायचे."

"कपडे धुतलेल्या सगळ्यांसाठी प्रार्थना करायला बसलीस तर सकाळ होईल."

पार्नेलला हसू आलं. तिने आवाज खाली आणला आणि नावं पुन्हा पहिल्यापासून घेतली. एव्हिसने घेवड्याची शिजत आलेली भाजी ढवळली, मीठ कमी आहे म्हणाली, आणि मिठाचं भांडं मागितलं. पार्नेलने ते दोन्ही हातांनी धरून पुढे केलं.